साडेचार मार्कांची कळ

"दहापैकी किती दुखतंय?" सिस्टरने विचारलं. तिच्या हातात तक्ता होता आणि पेनाचं टोपण दातांत होतं.

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. आयुष्यात त्यांनी एकही आकडा विचार न करता दिलेला नव्हता. सिझेरियन होऊन पुरता एक दिवस उलटला होता. पोटावर आडवी चीर होती, आणि ओला पंचा दोन्ही हातांनी पिळावा तसं त्या चिरेच्या आत काहीतरी सतत पिळलं जात होतं. कुशीवर वळायचा विचार नुसता मनात आला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. बाईंनी ते सगळं दुखणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नजरेखालून घातलं, मनातल्या मनात खाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "साडेचार."

"अर्धा लिहायला जागा नाही," सिस्टर म्हणाली. "चार लिहिते हं."

आणि तिने चार लिहिले.

बाई शाळेत भाषा शिकवत. निबंध दहा मार्कांचा असे, आणि एकोणीस वर्षांत बाईंनी कोणालाही साडेसहाच्या वर मार्क दिलेले नव्हते. ते साडेसहासुद्धा एकदाच, एका मुलीला, आणि त्यानंतर दोन दिवस आपण वाहवत गेलो असं त्यांना वाटत राहिलं होतं. मुलं त्यांना पाठीमागे 'साडेसहा बाई' म्हणत. पालक येऊन भांडत, हेडमास्तर चहा पाजून समजावत. बाई बधत नसत. त्यांचं म्हणणं असं की दहा म्हणजे ज्याच्यापुढे काही नाहीच, आणि नऊ म्हणजे तेच, पण थोडक्यात हुकलेलं. उरलेल्या जगाने त्याच्या खाली दाटीवाटीने बसावं. ग्रेस मार्क हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा एका मुलाला पास व्हायला अर्धा मार्क कमी पडत होता. त्याची आई स्टाफरूममध्ये येऊन ढसाढसा रडली. बाईंनी तिला प्यायला पाणी दिलं, अर्धा मार्क दिला नाही.

अशा माणसाला दहापैकी किती दुखतंय हे विचारायचंच नसतं. पण दवाखान्यात सगळ्यांना तेच विचारत, आणि तक्त्याच्या डोक्यावर नियम छापलेला होता. सात किंवा त्याहून जास्त असेल तर इंजेक्शन. चार ते सहा असेल तर गोळी. चाराच्या खाली असेल तर धीर द्यावा.

बाईंना गोळी मिळाली. पेपर तपासून डोकं दुखलं की त्या घेत, तीच ती साधी पांढरी गोळी. तिने त्यांचं डोकं दुखायचं थांबलं असतं, पण डोकं दुखत नव्हतं.

दुखण्याशी बाईंचं तसं वैर नव्हतं. त्यांनी ते दात-ओठ खाऊन सोसलं असतं. पण लग्नानंतर चौदा वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती, आणि ती मुलगी त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. ऑपरेशनच्या टेबलावर कोणीतरी एक ओला कान आणि एक तळपाय त्यांच्या डोळ्यांसमोरून भर्रकन नेला, तेवढंच. पोरगी तीन आठवडे आधी आलेली, अंगाने बारीक, म्हणून तिला कॉरिडॉरच्या टोकाला बाळांच्या खोलीत काचेच्या उबदार पेटीत ठेवलं होतं. नवऱ्याने फोनवर तिचे चौदा फोटो काढून आणले होते. चौदाही फोटोंत काचेवर त्याचाच चेहरा उमटला होता, आणि त्या चेहऱ्याच्या नाकाच्या मागे कुठेतरी दुपटं दिसत होतं.

बाळांच्या खोलीचा नियम साधा होता. बाळ बाहेर यायचं नाही, आईने आत जायचं. चाकांची खुर्ची दारापर्यंत नेईल, पण खुर्चीत बसायचं स्वतः आणि ताठ बसायचं. "बाळ मांडीत देऊ आम्ही," तिथल्या थोरल्या सिस्टर येऊन सांगून गेल्या होत्या, "पण मांडी तयार पाहिजे. पोरगी ड्रॉपरने दूध घेतेय बिचारी. आज दिवसभरात तरी आईने छातीशी घ्यायलाच हवं."

सकाळपासून बाईंनी तीनदा उठून बसायचा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा मान उचलली गेली. दुसऱ्यांदा मान आणि एक खांदा. तिसऱ्यांदा काहीच उचललं गेलं नाही, उलट मानेनेसुद्धा नकार दिला. मग त्या छताकडे बघत पडून राहिल्या आणि डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांत गेलं.

शेजारच्या पलंगावर एक ब्यूटीपार्लरवाली होती. तिचंही ऑपरेशन त्याच दिवशी झालेलं. सिस्टरने तिला विचारलं, "दहापैकी किती?"

"अकरा!" पार्लरवाली म्हणाली.

"दहापैकी अकरा होत नाहीत," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. दुखत होतं, पण चूक ती चूकच होती.

"तुम्हाला होत नसतील, मला होतायत!"

सिस्टरने तिला इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने पार्लरवाली उठली, केस विंचरले, आणि खुर्चीत बसून लेकाला भेटून आली. आल्यावर तिने बाईंना सगळं सांगितलं. नाक कोणावर गेलंय, बोटं कशी आहेत, जांभई कशी देतो. बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या बाळाची जांभई एवढी वर्मी लागेल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नऊ वाजता डॉक्टर राउंडला आले. त्यांच्या मागे चार शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि त्यांची कळी खुलली.

"दुसऱ्याच दिवशी चार! बघा," ते शिकाऊंना म्हणाले, "मनोधैर्य म्हणतात ते हे. नाहीतर लोक उगाच आरडाओरडा करतात." त्यांनी तिरक्या नजरेने पार्लरवालीकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. "बाई, चालताय ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"दुखतंय."

"दुखणारच. पण चारच ना? चारावर लोक जिने चढतात." डॉक्टर सिस्टरकडे वळले. "यांना आता दाराजवळचा पलंग कशाला? इथे जास्त त्रास असणाऱ्यांना ठेवा. यांना खिडकीकडच्या शेवटच्या पलंगावर हलवा. आणि व्यायामवाल्या ताईंना पाठवा. गोळी आहे ती चालू द्या, संध्याकाळी बघू, बंदच करून टाकू."

बाईंनी तोंड उघडलं. पण शिकाऊ डॉक्टर इतक्या कौतुकाने बघत होते की त्या मूग गिळून बसल्या. वर्गासमोर तक्रार करायची त्यांना सवय नव्हती.

दोन वॉर्डबॉयनी पलंग ढकलत नेला. जमिनीवरच्या प्रत्येक फरशीचा सांधा बाईंना टाक्यांत मोजता आला. बाळांची खोली दुसऱ्या टोकाला होती. ती आता चाळीस पावलं आणखी लांब गेली. मागोमाग व्यायामवाल्या ताई आल्या, टाळ्या वाजवत.

"चला, उठायचं! तक्त्यावर चार आहे!"

त्यांनी बाईंच्या काखेत हात घातला. पुढचं बाईंना नीट आठवत नाही. आपण एक आवाज काढला आणि तो आपला नसावा असं त्यांना वाटलं, एवढंच. ताईंनी हात काढून घेतला, चेहरा पडला, आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

साडेनऊला सासूबाई आणि नवरा आले. सासूबाईंचा आवाज मोठा होता आणि गुडघे वाईट होते. सुनेचा पांढराफटक चेहरा बघून त्यांनी तिथल्या तिथे सिस्टरला गाठलं.

"अहो, माझ्या सुनेला इंजेक्शन द्या. तिचं नऊ लिहा. मी सांगते नऊ."

"पेशंटने सांगायचं असतं, आजी. तुम्हाला दुखतंय का?"

"दुखतंय तर! गुडघे!"

"मग बाहेर केसपेपर काढा."

सासूबाई परत आल्या आणि त्यांनी मोर्चा सुनेकडे वळवला. "अगं, साडेचार काय? पोट फाडलंय तुझं. दहा म्हण की, तुझ्या बापाचं काय जातंय?"

"दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, असं," बाई म्हणाल्या. "तसं कसं म्हणू? उद्या जास्त दुखलं तर काय देऊ?"

"उद्याचं उद्या बघ ना!"

"आई, मार्कांच्या बाबतीत तिला काही बोलायचं नाही," नवरा हळूच म्हणाला. चौदा वर्षांत एवढं तो शिकला होता. सरकारी वजनमापं खात्यात तो इन्स्पेक्टर होता. दुकानांतले काटे तपासायचं काम, भलेभले दुकानदार त्याला बघून चळाचळा कापत. पण घरात त्याचा काटा कायम मधोमध स्थिर असे. त्याने बायकोचा हात धरला. हात थंडगार होता.

"मी परत तपासते," बाई म्हणाल्या. "घाईत दिले असतील."

त्यांनी नवऱ्याला कागद घ्यायला लावला आणि दुखण्याचे भाग पाडले. तीव्रतेला चार मार्क, कालावधीला दोन, विस्ताराला दोन, नावीन्याला दोन. आपल्याच दुखण्याचा पेपर त्यांनी डोळे मिटून तपासायला घेतला. तीव्रतेला अडीच, आपण बेशुद्ध पडलो नाही, त्यामुळे अडीच पुष्कळ झाले. कालावधीला दीड. विस्तार पोटापुरताच होता, खांद्यापर्यंत जात नव्हता, म्हणून अर्धा. नावीन्याला शून्य, पोट कापल्यावर पोट दुखतं, यात नवीन काय?

"बेरीज?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

नवऱ्याने बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली. त्याला सांगवेना. "साडेचारच येतायत गं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणजे फिरवायला गेल्या, निम्म्यात कळ आली, आणि तोंड छताकडेच राहिलं. रडतानासुद्धा पोटाला धक्का बसू नये म्हणून श्वास धरून रडावं लागत होतं. लेकीच्या पोटात दूध थेंबाथेंबाने जात होतं, आई साठ पावलांवर होती, आणि आईला स्वतःचं अंग उचलवत नव्हतं. आपण आई व्हायला नापास झालो, असं त्यांना स्पष्ट वाटलं. तपासणारीही आपणच, त्यामुळे फेरतपासणी कोणाकडे मागायची?

अकरा वाजता सिस्टर पुन्हा येणार होती. पावणेअकराला बाईंनी निर्णय घेतला. खोटं बोलायचं.

"आठ म्हणेन," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बारा वाजता बाळांच्या खोलीत पुन्हा आयांना घेतात. अकराला इंजेक्शन मिळालं तर बाराला मी खुर्चीत बसेन."

"नक्की म्हणशील?"

"म्हणेन."

त्यांनी सराव केला. आठ. आठ. आठ. शब्द तोंडात दुसऱ्याच्या दातांच्या कवळीसारखा टोचत होता. सिस्टर आली, टोपण दातांत धरलं. "दहापैकी?"

"आठ," बाई म्हणाल्या आणि अपराध्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

सिस्टरने लिहिलं. मग तिने मागचे आकडे पाहिले. पहाटे चार, सकाळी चार, आणि आता आठ. टोपण तिच्या तोंडातून खाली पडलं.

"एकदम दुप्पट? कधीपासून? कुठे? थांबा, हलू नका!"

"हलत नाहीच आहे मी—"

पण सिस्टर धावत गेली होती. बाईंसारखी चार म्हणणारी पेशंट आठ म्हणते म्हणजे आत नक्की काहीतरी बिघडलं, हे तिला पक्कं कळलं. आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? सकाळपासून अकरा-अकरा ओरडणाऱ्या पार्लरवालीने पंधरा म्हटलं असतं तरी कोणी मान वर करून पाहिलं नसतं. बाईंच्या शब्दाला मात्र वजन होतं. तीन मिनिटांत दोन शिकाऊ डॉक्टर आले, पाठोपाठ सोनोग्राफीचं यंत्र.

"इंजेक्शन देताय ना?" बाईंनी विचारलं.

"छे छे! आता अजिबात नाही," एक शिकाऊ म्हणाला. "इंजेक्शनने दुखणं झाकलं जाईल. आधी कारण सापडू दे."

"गोळी?"

"तोंडाने काहीच नाही. पाणीसुद्धा नाही. कदाचित परत आत घ्यावं लागेल."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा भिंतीला टेकला. बाईंचं पोट दोघांनी आळीपाळीने दाबून पाहिलं. "इथे दुखतं?" "हो." "इथे?" "हो." "आणि इथे?" बाईंनी हो म्हणायचा प्रयत्न केला, पण त्या वेळी आवाज फुटला नाही. मग चार बाटल्यांत रक्त घेतलं. मग यंत्र फिरवलं. मग ते यंत्र फिरवणारा जेवायला गेला होता म्हणून दुसरा आला आणि त्याने पुन्हा फिरवलं. घड्याळात बारा वाजले. लांब कॉरिडॉरच्या टोकाला बाळांच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, आयांच्या चपलांचा आवाज आला, आणि दार बंद झाल्याचा आवाज आला. पार्लरवालीही त्यांत होती, तिसरी खेप.

"मी खोटं बोलले," बाई शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. "साडेचारच आहे. खरंच साडेचार."

"बघा, आता कमी सांगायला लागल्या," तो दुसऱ्याला गंभीरपणे म्हणाला. "घाबरल्यात. लिही, 'रुग्ण दुखणं लपवते आहे.'"

बाईंनी डोळे मिटले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोटे मार्क दिले आणि त्याचं फळ तासाभरात हातात पडलं. गोळीचा असर केव्हाच उतरला होता. पोटावर मारलेल्या जेलीचा थंड चिकटपणा, सुकलेला घसा, आणि आत ती पिळवटणारी कळ. त्यांना कळेना की आता आपण हे कोणाला आणि कुठल्या भाषेत सांगायचं. त्यांनी मनातल्या मनात लेकीची माफी मागितली. आणखी काय करणार?

अडीच वाजता रिपोर्ट आले. सगळं व्यवस्थित होतं. डॉक्टर स्वतः आले, आणि ते चिडलेले होते.

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणे. चाराचे आठ करून सांगायचे? आख्खं डिपार्टमेंट कामाला लावलंत! आता खरं सांगा. किती?"

"साडेचार," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे गळत होते.

"मग चार लिहा," डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "आणि गोळी—"

"एक मिनिट," नवरा म्हणाला.

त्याने हे इतक्या मोठ्याने म्हटलं की सासूबाईंनीही वळून पाहिलं. घरात हा आवाज कोणी ऐकला नव्हता. तो फक्त दुकानदारांना माहीत होता.

"डॉक्टर, मी काटे तपासतो. काटा चार किलो दाखवतो म्हणून माल चार किलो असतो असं नाही. आधी बघायचं, काठोकाठ लादल्यावर तो काटा जातो कुठवर. हिच्या काट्यावर मी चौदा वर्षांचा माल पाहिलाय. तो साडेसहाच्या वर एकदाही गेलेला नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हिचे साडेसहा हे तुमचे दहा. आता हिचे साडेचार तुमच्या काट्यावर किती, ते काढायचं." त्याने फोन काढला. "साडेचारला साडेसहाने भागलं, दहाने गुणलं... सहा पूर्णांक ब्याण्णव."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. निबंधाचं प्रकरण सासूबाईंनी त्यांना दोन वाक्यांत समजावलं. त्या स्वतः एकदा सुनेला विचारून बसल्या होत्या की माझ्या हातच्या जेवणाला दहापैकी किती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अनुभव होता. शिकाऊ डॉक्टर वह्या उघडून लिहून घ्यायला लागले.

"इंजेक्शनला सात लागतात," सिस्टर पुटपुटली.

"आठ शतांश कमी पडतायत," पलंगावरून बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं. सात होत नाहीत."

"अगं तू गप्प बैस!" सासूबाई ओरडल्या.

डॉक्टरांचा राग एव्हाना निवळला होता आणि मिशीत हसू आलं होतं. ते पलंगाच्या कडेशी टेकले. "तुम्हीच सांगा मग, बाई. ग्रेस द्यायची का?"

बाईंच्या डोळ्यांपुढे स्टाफरूममधली ती आई उभी राहिली. पदराने डोळे पुसत, पाण्याचा ग्लास हातात धरून. ती काय मागत होती ते बाईंना तेव्हा कळलं होतं असं त्या समजत होत्या. कळलं नव्हतं.

"द्या," त्या म्हणाल्या. मग आवाज चिरकत गेला. "द्या हो. मी मागते. माझी पोरगी तिकडे एकटी आहे, मला बसतासुद्धा येत नाही. आठ शतांश द्या मला."

सिस्टरने सात लिहिले. डॉक्टरांनी शेजारी सही केली. आणि एवढा वेळ जी सिस्टर आकड्यांपलीकडे बघत नव्हती, तिने इंजेक्शन देताना बाईंच्या कपाळावरचे केस मागे सारले.

चार वाजता बाई कुशीवर वळल्या, पोटावर उशी दाबून धरली, कोपर टेकलं, आणि बसल्या. दुखत होतं, पण त्या दुखण्याच्या पलीकडचं आता दिसत होतं. नवऱ्याने चाकांची खुर्ची इतकी सावकाश ढकलली की सासूबाई आपल्या गुडघ्यांनिशी पुढे निघून गेल्या. दाराजवळ पार्लरवालीने हात हलवला. "मी सांगत होते, अकरा म्हणा!"

बाळांच्या खोलीत थोरल्या सिस्टरनी पेटीचं झाकण उचललं आणि दुपट्यात गुंडाळलेली पोरगी बाईंच्या मांडीवर ठेवली. वजन असं काही नव्हतंच. तांबूस, सुरकुतलेली, ओठ चोखत झोपलेली. बाईंनी तिला छातीशी धरलं. पोरगीने झोपेतच तोंडाने शोधलं, सापडलं, आणि ओढायला सुरुवात केली. पोटात खालून एक कळ आली. त्या कळेकडे बघायला बाईंना सवड नव्हती.

बऱ्याच वेळाने पोरगी सुटून परत झोपली, तेव्हा बाईंची नजर पेटीवर टांगलेल्या कार्डाकडे गेली. वार, वेळ, वजन, आणि कोपऱ्यात एका गोलात ७.

"हे सात कशाचे?"

"मार्क आहेत ते," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "जन्मल्या जन्मल्या पहिल्या मिनिटाला दहापैकी देतात. काळजी नको, पाचव्या मिनिटाला नऊ होते तिला. मागच्या बाजूला आहे बघा."

"पहिल्या मिनिटाला?" बाई ताठ झाल्या. टाक्यांनी जाणीव करून दिली, तरी ताठच राहिल्या. "आल्या आल्या परीक्षा? तयारीला वेळ नाही, काही नाही? आणि तीन कशाचे कापले?"

"रंग थोडा निळसर होता त्याचा एक. हातपाय ढिले होते त्याचा एक. आणि एक रडण्याचा."

"रडली नाही?"

"रडली ना. पण हळू रडली. जोरात रडलं की आम्हाला बरं असतं. हळू रडलं की समजत नाही."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. कपाळावर आठी घालून ती गपचूप झोपली होती. कोणाला त्रास नको अशी. ती आठी बाईंनी रोज आरशात पाहिलेली होती. कालपासून नाही, जन्मापासूनच आपण हळू रडत आलो, आणि पहिल्याच मिनिटाला हिने तेच उचललं.

"असं हळू रडायचं नाही हं," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. आवाज शिकवण्याचा होता. "दुखलं तर जोरात रडायचं. सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं पाहिजे. कळलं? हे बघ, असं."

आणि बाई रडल्या. श्वास धरून नाही, तोंड दाबून नाही. साठ मुलांचा वर्ग गप्प बसवणारा त्यांचा गळा पूर्ण उघडला. सगळ्या पेट्यांमधली बाळं एकदम जागी झाली आणि त्यांनी टाहो फोडला. थोरल्या सिस्टरच्या हातून दुपटी पडली. दारात नवरा धावत आला, त्याच्या मागे वॉर्डातली सिस्टर हातात तक्ता घेऊन.

"काय झालं? बाई, किती? किती दुखतंय?"

बाईंना सांगता येईना. आकडे सगळे गळून गेले होते. आणि त्यांच्या हातातली पोरगी लालबुंद झाली, मुठी आवळल्या, आणि इतक्या जोरात किंचाळली की बाकीची सगळी बाळं क्षणभर थांबून ऐकत राहिली.

बाई रडता रडता हसायला लागल्या. हसताना टाके सगळ्यात जास्त दुखतात, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.